विद्यापीठाच्या वाचनगटासाठी पुस्तकं कशी निवडावीत?

विद्यार्थी, प्राध्यापक, ऑफिसातला स्टाफ आणि गावातले वाचक असा सगळ्यांचा मिळून गट काढताय, तर पुस्तकं कशी निवडायची, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळतो आणि असा गट चार वर्षं चालवतोय. आधी आमची फजिती सांगतो.

पहिलंच पुस्तक धरलं श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत'. कोकणातला गट, कोकणातली कादंबरी, म्हटलं मुहूर्त झकास! दोन जाडजूड खंड, चार पिढ्यांची कथा आणि लायब्ररीत संच एकच. पहिल्या बैठकीला एकवीस जण आले, तिसऱ्या बैठकीला पाच. त्यातल्या तिघांनी वाचलेलं, तिघेही मराठीचे प्राध्यापक. उरलेले दोघे चहासाठी थांबलेले, त्यातला एक मी.

तेव्हापासून कोणी नाव सुचवलं की मी आधी प्रती मोजतो. आमच्याकडे किती, कोणाच्या घरी किती, रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात किती (ते 1828 पासूनचं आहे, तिथे विचारल्याशिवाय हार मानू नये). दोनशे पानांच्या आतलं पुस्तक असेल तर वीस जणांत सहा प्रती महिन्याभरात फिरतात. बाजारात मिळतच नाही असं पुस्तक कितीही थोर असो, सोडून द्या.

हा झाला हिशेब. खरी मेख पुढे आहे. पुस्तकात असं काहीतरी हवं, जे प्राध्यापकापेक्षा टेबलाभोवतीच्या दुसऱ्याच कोणाला जास्त ठाऊक असेल. उर्मिला पवारांचं 'आयदान' घेतलं तेव्हा मला हे उमगलं. आयदान म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या वगैरे. त्यांची आई ती विणून घर चालवायची. आमची गाडी नेहमीप्रमाणे दलित आत्मकथनांच्या परंपरेवर घसरली. पुढच्या बैठकीला ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी घरची रोवळी घेऊन आल्या. तांदूळ धुवायची, तळ काळा पडलेला. चौकोनी तळापासून गोल तोंडापर्यंत पट्ट्या कशा वळवत नेतात ते त्यांनी बोटाने दाखवलं. म्हणाल्या, "आजी विणायची. आईने सोडलं. का सोडलं ते ह्या पुस्तकातच आहे की." आणि गप्प बसल्या. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. रोवळी मात्र हातोहात फिरत राहिली.

हमीद दलवाईंचं 'इंधन' घेताना एका सरांनी नको म्हटलं, वाद होईल म्हणून. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. मुंबईहून गावी परतलेला माणूस आणि गावात पेटत जाणारा हिंदू-मुस्लिम तणाव, असा विषय. वाद झालाच. पण तोवर गटाला दोन वर्षं झाली होती, माणसं एकमेकांची घरं ओळखत होती. पहिल्या वर्षी हे घेऊ नका.

मतदान आम्ही बंद केलं. नाव सुचवणाऱ्याने एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं, बस्स. पुढचं पान मागितलं गेलं तर पुस्तक पक्कं.

कॅलेंडर बघा. कादंबरी जून-जुलैत, पावसात माणसं घरी असतात. गणपतीत काही ठेवू नका. शिमग्यात पालखी दारी यायची असेल तर मीसुद्धा जात नाही. परीक्षेच्या तोंडावर एखादी कथा, तीही तिथेच बसून वाचायची.

'तुंबाडचे खोत' मात्र आम्ही सोडलं नाही. गेल्या वर्षी त्यातलं एकच प्रकरण घेतलं आणि सोबत बाबासाहेबांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलेल्या, खोती (म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी) रद्द करण्याच्या विधेयकाची माहिती. गटात एकाचे पणजोबा खोत, दुसऱ्याचे कूळ. त्या दिवशी साडेसहाची वस्तीची गाडी पाच जणांनी चुकवली.