चिऱ्याचा कोपरा

मी समुपदेशक. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसांचा एक प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. "इकडं काम उरलं नाही. तिकडं बोलावणं आहे. जावं का? अन् गेलो नि फसलो तर?" 'तिकडं' म्हणजे कधी पुणे, कधी हैदराबाद, कधी गोवा. विचारणारा गवंडी असतो, सेंट्रिंगवाला असतो, नाहीतर घरं बांधून देणारा छोटा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार. हल्ली अशा प्रत्येकाला मी एकाच माणसाची हकीगत सांगते, कारण त्याच्या बाबतीत मी आधी चुकले होते. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या संमतीने ती इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माणूस मराठवाड्यातल्या औसा-उमरगा पट्ट्यातला, ३६ वर्षांचा. वडील गवंडी, त्यामुळे हातात थापी लहानपणीच आली. पुढे स्वतःची चार माणसं जमवून तो घरांची कामं उक्ती, म्हणजे ठरलेल्या रकमेत, घेऊ लागला. दोन वर्षं पाऊस कमी झाला की आमच्याकडे सगळ्यात आधी घरं बांधायची थांबतात. त्यात एका घरमालकाने स्लॅबनंतरचे पैसे बुडवले. त्याच सुमारास गावातल्या एका गुरुजींचा फोन आला. ते सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला. मराठवाड्यातले असे पुष्कळ शिक्षक कोकणात आहेत. त्यांनी कुडाळजवळ जागा घेतली होती. "इथं कामाला माणूस मिळंना. तू ये, माझंच घर आधी बांध, मग बघ कामं कशी येतात ते."

फेब्रुवारीत तो जाऊन आला. चार दिवस राहिला. परत आला आणि त्याची झोप उडाली. रात्री दोनला उठून अंगणात बसायचा. जेवण तुटलं. बायकोवर कधी आवाज न चढवणारा माणूस मुलाच्या अंगावर धावून गेला, तेव्हा बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या तीन भेटींत मी जे केलं ते पुस्तकाबरहुकूम होतं. म्हातारे वडील मागे राहणार, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, आठवडे-आठवडे घरापासून लांब. मी धरून चालले की विरहाची काळजी आहे. कागदावर जाण्याचे फायदे-तोटे मांडून घेतले, श्वासाचा व्यायाम शिकवला. तोही मन लावून सगळं करायचा आणि पुढच्या भेटीत तसाच, डोळ्यांखाली काळं घेऊन यायचा. विचारलं की म्हणायचा, "मॅडम, तसं काई नाही. मुलूख नवा हाय, एवढंच."

चौथ्या भेटीला त्याला यायला उशीर झाला आणि बायको आधी पोचली. हिशोबाची वही तिच्याकडे असायची. कुणाला किती उचल दिली, कुणाकडे सिमेंटचे किती राहिले, हे त्याच्यापेक्षा तिला पाठ. ती म्हणाली, "ताई, यांना भ्या वाटत नाही. यांना लाज वाटायली."

तिला ते गुरुजींच्या बायकोकडून कळलं होतं. कुडाळला शेजारी एका घराचं काम चालू होतं. हा गेला, राम राम केला, "मी गुत्तेदार हाय" म्हणाला. तिथे गुत्तेदार हा शब्दच कुणाला कळेना. मग "घरं बांधतो" म्हणाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याने सहज त्याच्या हातात चिरा दिला, घड म्हणून. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणक होत जातो. पण त्याचा कण वेगळा, त्याला पोकळ्या असतात आणि घाव कुठे घालायचा हे हाताला ठाऊक असावं लागतं. ह्याचा हात काळ्या पाषाणाचा आणि विटांचा. दुसऱ्याच घावाला चिऱ्याचा कोपरा तुटून खाली पडला. एक बिगारी हसला. बस, एवढंच. पण वीस वर्षांत साइटवर त्याला कुणी हसलं नव्हतं. तिथे शेवटचा शब्द याचाच असायचा.

मला माझ्याच त्या फायदे-तोट्यांच्या कागदाची शरम वाटली. त्यावर 'पुन्हा शिकाऊ होणं' ही ओळच नव्हती. नोकरदार माणूस बदली होऊन गेला तर हुद्दा त्याच्याबरोबर जातो. कारागिराचं तसं नसतं. त्याची पत त्या मातीत, त्या दगडात, तिथल्या पावसाच्या सवयीत असते, आणि मुलूख बदलला की तीच आधी मागे राहते. आपल्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खोल न्यायचा हे याच्या अंगात मुरलेलं. लातूरकडे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सिंधुदुर्गात ३,००० च्या वर. आमच्याकडे भिंतीचं वैरी ऊन, तिकडे पश्चिमेकडून येणारी झड. सपाट स्लॅब टाकून मोकळं होणारा माणूस तिथे बघतो तर स्लॅबवरही उतरतं छप्पर घातलेलं. म्हणजे त्याची भीती उगाच नव्हती. त्याला खरोखरच काही गोष्टी येत नव्हत्या. "तुम्ही कराल, आत्मविश्वास ठेवा" असं मी म्हणाले असते तर ती सरळ फसवणूक झाली असती.

तो आल्यावर मी कोपऱ्याचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, "तिकडं गेल्यावर तुम्हाला कुणाला काय काय विचारावं लागेल?" बराच वेळ गप्प बसला. मग एकेक सांगत गेला. चिरा कसा घडायचा. त्याला आधी भिजवायचा का. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, कधी भरायच्या. कौलाला उतार किती. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब कसं काढायचं. वाळू कुठली. बोलता बोलता चौदा गोष्टी झाल्या, आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "म्हंजी मी पयल्या सालाला गुत्ता घेऊ नये." हे मी सांगितलं असतं तर त्याला कमीपणा वाटला असता.

पुढचं ठरवायला दोन भेटी लागल्या, आणि त्या दोन्हींत बायकोच जास्त बोलली. गुरुजींचं घर उक्तं घ्यायचं नाही. पहिला हंगाम, म्हणजे पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते मे, त्याच म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली रोजावर राहायचं. तिचा पहिला प्रश्न होता, "अन् पावसाळ्यात?" बरोबर होता. तिकडे जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळजवळ थांबतं. गिलावा, फरशी असलं आतलं मिळालं तर मिळालं. मी त्यांना वर्षाचा हिशोब आठ महिन्यांच्या कमाईवर मांडायला लावला. आकडे खाली आले, पण रात्रीचा घोर जरा कमी झाला. खरा आकडा वाईट असला तरी तो धरता येतो. मुलं वर्ष संपेपर्यंत गावातच, शाळेचा दाखला एप्रिलनंतर काढायचा. रेशनकार्डावर आता कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं, ते तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी त्याने कधी केलीच नव्हती, कारण गुत्तेदाराने कामगार म्हणून नाव लावायचं म्हणजे कमीपणा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो आता त्याला रोजावरच्या कामावर मिळणार होता. बायको यावर खुदकन हसली आणि त्यालाही हसू आलं. आमच्या खोलीतलं त्याचं पहिलं हसू.

आणखी एक अट तिने वहीत लिहून घेतली. पुढे कधी स्वतः काम घेतलंच, तर आधी सातबारा बघायचा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं निघतात, अर्धे भाऊबंद मुंबईला, आणि जोतं वर आल्यावर कुणीतरी चुलता गणपतीला गावी येऊन काम अडवतो. हे तिला गुरुजींनीच सांगितलं होतं. हा सल्ला मला सुचला नसता हे कबूल करते.

सगळं मार्गी लागलंसं वाटलं आणि आबा आडवे आले. आबा म्हणजे त्याचे वडील. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते ऐन उमेदीत होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. आबांनी नातेवाइकांना दगडांखालून स्वतःच्या हातांनी काढलं. पुढे पुनर्वसनाच्या कामात गवंड्यांना जे शिक्षण दिलं गेलं, त्यात तेही होते. पोरगा कोकणात दगडाच्या भिंती बांधायला निघालाय म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "दगडात माणूस निजवू नको." आणि अन्न सोडलं म्हणावं इतकं कमी केलं.

हा तर लगेच बेत मोडायला तयार झाला. मला तेव्हा शंका आली, आणि मी ती त्याला बोलूनही दाखवली, की आबांची भीती ही त्याला सोयीची सुटका वाटते आहे का? त्याला राग आला. एक भेट त्याने चुकवली. मी घाई केली असेल; पण अशा वेळी हे विचारावं लागतं असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतरच्या भेटीला तो आबांनाच घेऊन आला. मी बांधकामातलं काही जाणत नाही, म्हणून मी त्यांनाच विचारलं, की किल्लारीची घरं का पडली? आणि सत्तरीचा तो माणूस पाऊण तास बोलला. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, गोल ओबडधोबड दगड, चिखलात रचलेले. आतली थर वेगळी, बाहेरची वेगळी, मधे भराव; दोन्हीला बांधणारा आरपार दगडच नाही. वर माळवदाचं सपाट छप्पर, त्यावर मातीचं ओझं, आणि दर पावसाळ्याआधी त्यात भर. जमीन हलली तशी भिंत फुगून फाटली, अन् माती वरून आली. मग ते पोराकडे वळले. "तिकडचा दगड घडीव हाय का? सिमिटात लावत्यात? वरी ओझं किती?" पोरगा सांगत गेला: घडीव, सिमेंटात, वर कौल नाहीतर पत्रा. आबा थोडा वेळ गप्प राहिले. "अन् पट्टा? जोत्यावर, चौकटीच्या डोक्यावर, छपराखाली. चारी भिंती कवळणारा पट्टा टाकत्यात का?" ते त्याने बघितलंच नव्हतं. "मंग ते बघ," आबा म्हणाले. "अन् नसंल तर तू सांग त्यांना."

त्या दिवशी खोलीतून बाहेर पडताना तो वेगळा चालत होता असं मी लिहिणार होते, पण तसं काही मला दिसलं नाही. झोप मात्र पुढच्या आठ-दहा दिवसांत परत आली, हे बायकोने कळवलं.

ऑक्टोबरात तो गेला. पहिले दोन महिने वाईट गेले. मालवणी कळायची नाही, माशाचा वास सोसायचा नाही, भाकरी ज्वारीची नाही. एका रात्री एक वाजता त्याने मला संदेश पाठवला की सगळं सोडून यावंसं वाटतंय. सकाळी मी फोन केला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देऊन ठेवला. तिथे रात्री-अपरात्री मराठीत बोलायला माणूस मिळतो, आणि मी मिळेनच असं नाही. त्याने तो एकदा वापरला. त्यात लाज वाटली नाही, असं आवर्जून सांगितलं.

म्हाताऱ्या गवंड्याने त्याला पहिला आठवडाभर फक्त चिरे भिजवायला लावलं. "चिरो पाणी पिता. तेका आधी पाणी पाज," एवढंच शिक्षण. चिरा कोरडा लावला तर सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा कच्चा राहतो, हे कारण याला तिसऱ्या दिवशी विचारल्यावर कळलं. त्याने विचारलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. डिसेंबरात कधीतरी त्याने पट्ट्याचा विषय काढला. उत्तर आलं, "पन्नास वर्सां घरां बांधतंय, एकव पडाक नाय." याने वाद घातला नाही. आबांना फोन लावला आणि तो म्हाताऱ्याच्या हातात दिला. एक मालवणीत, एक आमच्या बोलीत. दोघांना एकमेकांचं किती कळलं देव जाणे. पण कोयनेचा १९६७ चा धक्का त्या म्हाताऱ्यालाही आठवत होता. गुरुजींच्या घराला दरवाजांच्या डोक्यावरून सळईचा पट्टा पडला. त्याच्या रिंगा कुणी बांधल्या हे वेगळं सांगायला नको.

बायको-मुलं जूनमध्ये गेली. मुलगी तिकडच्या शाळेत पहिले पंधरा दिवस रडली. मुलाला पाऊसच पाऊस, त्याची मजा. गुत्ता त्याने अजून घेतलेला नाही. एक मुंबईकर गणपतीच्या आत घर उभं करून मागत होता, त्याला पावसात स्लॅब टाकणार नाही म्हणून सरळ नाही सांगितलं. दोन वर्षांपूर्वी असा नकार त्याच्या तोंडून निघाला नसता, असं त्याची बायको म्हणते. पैशाची ओढाताण आहेच. ती मी लपवत नाही.

जुलैमध्ये त्याचा फोन आला तेव्हा मागे पावसाचा आवाज एवढा होता की अर्धं ऐकूच येईना. आबा राहायला आले होते. रात्रभर कौलावरचा पाऊस ऐकत जागे राहिले. सकाळी पोराबरोबर गुरुजींच्या घरी गेले, ओल्या चिऱ्यावरून हात फिरवला, दाराच्या चौकटीपाशी थांबले.

"मंग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, कोपऱ्यात सळई कशी वळवलीस ते सांग."