स्वतः बनवलेल्या पहिल्याच लाकडी पीसवर सही करायची का?

हो, कर, बिनधास्त कर. "अजून हात बसला नाही, सही कसली करायची" असं म्हणत मी सुरुवातीची बरीच कामं कोरीच देऊन टाकली आणि आता त्यातलं कुठलं कोणत्या वर्षीचं ते मलाच सांगता येत नाही, फार वाईट वाटतं त्याचं.

सुरुवातीला साधी पेन्सिल पुरे. ग्रॅफाइट पॉलिशखाली पसरत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. नाव, साल, जमलं तर लाकूड कुठलं ते. जागा मात्र आडोशाची, स्टुलाच्या बुडाला किंवा ड्रॉवरच्या तळाला.

नवीन लोक हमखास चुकतात ते असं:

- मार्करने सही करून वर शेलॅक (स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश) मारतात. त्यातल्या स्पिरिटने शाई विरघळते, ब्रश फिरेल तिकडे नाव ओघळत जातं आणि मग सगळं घासून परत पहिल्यापासून.
- सही आधी, सँडिंग (सँडपेपरने घासणं) नंतर. गेली सही.
- नावाचा तापवलेला धातूचा ठसा थेट तयार पीसवर. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर तीन-चारदा मारून बघ, जरा जास्त दाबलं की अक्षरं भरून जातात, कडा करपतात.

कोरीव सही, पितळी बिल्ला वगैरे नंतर बघू. आत्ता तुझं टेबल उलटं कर आणि पॉलिशआधी पेन्सिल घे हातात.