चिपाडाच्या द्रावणात उरलेली साखर कोणती, ते आधी तपासा

उसाच्या चिपाडावर आम्ल आणि एन्झाइमची प्रक्रिया करून काढलेल्या द्रावणात इथेनॉलसाठी तुम्ही सॅकरोमायसिस आणि शेफरसोमायसिस स्टिपिटिस ही दोन यीस्ट एकत्र घातलीत, तिसऱ्या दिवशी साखर उतरायची थांबली आणि पुन्हा विरजण घालूनही ती हलत नाही, हे वाचताना मला माझीच जुनी वही आठवली.

निर्जंतुकीकरण वगैरे तुम्ही केलेच असेल. तुम्ही साखर डीएनएस या रंगबदलाच्या चाचणीने मोजता आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. ही चाचणी सगळ्या क्षपणकारक (रिड्यूसिंग) शर्करा एकत्र मोजते. त्यांत ग्लुकोज किती आणि चिपाडातूनच निघणारी दुसरी साखर, झायलोज, किती, हे ती सांगत नाही. माझ्याकडे लिटरमागे ६० ग्रॅमवरून साखर २४ ग्रॅमवर अडकली. यीस्ट मेले असे गृहीत धरून मी आठ महिने विरजण, युरिया आणि तापमान बदलत राहिलो. ज्या प्रयोगशाळेकडे शुल्क भरून नमुने पाठवत होतो, तिला शर्करा वेगवेगळ्या मोजून देण्याची तीनदा लेखी विनंती केली. दर वेळी एकूण शर्करेचा एकच आकडा आला आणि शेवटी अहवालात दुसरा रकानाच नाही, असे उत्तर मिळाले. शर्करा वेगवेगळ्या करून मोजणारे एचपीएलसी यंत्र त्यांच्याकडे होते, म्हणून तो संताप अजून गेलेला नाही.

तरीही मोठी चूक माझीच होती. संपलेल्या ३६ ग्रॅम साखरेपासून १६ ग्रॅम इथेनॉल मिळाल्याची नोंद माझ्याच वहीत होती. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल मिळते, म्हणजे उतारा ८७ टक्के होता. सॅकरोमायसिस आपले काम चोख करत होते. उरले होते ते मुख्यतः झायलोज, जे त्याला मुळात आंबवताच येत नाही.

यंत्र हाताशी नसेल तर पॅथॉलॉजीत रक्तातील साखरेसाठी वापरतात ते ग्लुकोज ऑक्सिडेजचे किट आणा, नमुना पुरेसा विरळ करून ग्लुकोज मोजा आणि डीएनएसच्या आकड्यातून वजा करा. हा अंदाजच असतो, प्रबंधात छापण्याजोगा आकडा नव्हे. पण दिशा कळते.

झायलोजच उरले असेल, तर दोन्ही यीस्ट एकदम घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे; इतरांचे वेगळे असू शकते. झायलोज आंबवणाऱ्या शेफरसोमायसिस स्टिपिटिसला थोडी हवा लागते आणि सोबत सॅकरोमायसिस जोमात असेल तर ती हवा तेच संपवते. शिवाय ग्लुकोज असेपर्यंत स्टिपिटिस झायलोजकडे फारसे वळत नाही. आधी ग्लुकोज संपू द्या, सॅकरोमायसिस गाळून काढा, मग स्टिपिटिस घालून हवा अगदी बेताची ठेवा, कारण जास्त हवेत ते तयार इथेनॉलच खाऊ लागते. पीएच ५.५ च्या आसपास असावा. चिपाडातून आलेले ॲसिटिक आम्ल द्रावण शुद्ध करायला घातलेल्या चुन्याने जात नाही आणि पीएच ४.५ वर त्याचा बराचसा भाग यीस्टच्या पेशीत शिरून तिला त्रास देऊ शकणाऱ्या रूपात असतो.

दर वेळी काढलेल्या नमुन्याचे दोन मिलिलिटर गोठवून ठेवा. मी माझे फेकून दिले होते आणि पुढे यंत्र मिळाले तेव्हा तपासायला काही उरले नव्हते.