बोटात चुंबक नको, आधी कमरेला पट्टा

सप्रेम नमस्कार,

तुमचा मुलगा बारावी विज्ञानाला आहे, त्याला 'सायबॉर्ग आर्टिस्ट' (शरीराला यंत्र जोडून नवं इंद्रिय मिळवणारा आणि त्यातून कला करणारा) व्हायचंय आणि चुंबकीय क्षेत्र जाणवावं म्हणून पियर्सिंगवाल्याकडून बोटात चुंबक बसवून घ्यायचा त्याने हट्ट धरलाय. हे खूळ की करिअर, असं तुम्ही विचारलंत. क्षेत्र खरं आहे. चुंबकाला मात्र ठाम नकार द्या, आणि तो कारणांसकट द्या.

ही चुंबकं निओडिमियमची असतात. वरचं आवरण तडकलं की आतला धातू गंजतो, बोट सुजतं आणि चुंबक काढायला पुन्हा चिरफाड करावी लागते. पुढे कधी एमआरआयची गरज पडली तर तिथेही अडतं. अनुभवी कलाकारही यातून सुटलेले नाहीत. वफा बिलाल यांनी २०१० मध्ये डोक्याच्या मागे टायटॅनियमच्या खुंट्यांवर कॅमेरा बसवला. एक खुंटी शरीराने स्वीकारली नाही, ती काढावी लागली. स्टेलार्क यांनी हातावर कान घडवला, पण त्यात बसवलेला मायक्रोफोन जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. नृत्यकलाकार मून रिबास यांच्या पायांत भूकंपाच्या नोंदींनुसार थरथरणारे सेन्सर होते. तेही २०१९ मध्ये काढले गेले.

त्याचा आदर्श असलेले नील हार्बिसन यांची सुरुवातही शस्त्रक्रियेने झालेली नाही. त्यांना जन्मापासून रंग दिसत नाहीत. २००३ मध्ये इंग्लंडच्या डार्टिंग्टन कॉलेजात संगीत शिकताना त्यांनी अ‍ॅडम माँटँडन यांच्यासोबत रंगाचा स्वर करणारं यंत्र बनवलं: वेबकॅम, पाठीवर संगणक, कानाला हेडफोन. पुढे एका सप्तकात रंगांच्या ३६० छटा ओळखण्यापर्यंत त्यांची मजल गेली. कवटीत बसवलेला, हेच काम करणारा अँटेना या यंत्रानंतरचा. त्याला वैद्यकीय नीतिसमितीने नकार दिला होता, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी नाव गुप्त ठेवलं.

म्हणून मुलाला आधी अंगावर घालायचं इंद्रिय करू द्या. उत्तर दिशा जाणवून देणारा कमरपट्टा हा उत्तम पहिला प्रकल्प: त्यातली उत्तरेकडची मोटर थरथरते. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात असे पट्टे आठवडेच्या आठवडे घालून अभ्यास झाला आहे. लागतं ते असं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), दिशा ओळखणारा चुंबकीय सेन्सर, १० मिमीच्या आठ कंपन मोटरी (४५ अंशांवर एक), आणि प्रत्येक मोटरीला ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर व उलटा जोडलेला डायोड. मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडायची नाही. ती साधारण ८० मिलिअँपिअर ओढते आणि पिनची कमाल मर्यादा ४० आहे. मोटर ३ व्होल्टची, पुरवठा ५ चा, म्हणून पीडब्ल्यूएम (वीज झपाझप चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी करणं) ६० टक्क्यांवर ठेवायचा.

बिघाड बहुधा तीन ठिकाणी होतो. मोटरीतही चुंबक असतं, त्यामुळे सेन्सर जवळ ठेवला की उत्तर दिशा भलतीकडेच दाखवतो. तो मोटरींपासून दूर, खांद्याजवळ लावायचा आणि घातल्यावर सावकाश पूर्ण गिरकी घेऊन कॅलिब्रेट करायचा. सेन्सरची स्वस्त नक्कल वेगळ्या चिपची असते, मूळ सेन्सरची लायब्ररी (तयार कोड) तिच्यावर चालत नाही. आणि पट्टा फार कमी करंट घेतो, म्हणून बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद पडतात. शिवाय सलग कंपनाची त्वचेला सवय होते आणि मग काहीच जाणवत नाही; दर दोन सेकंदांनी छोटा ठोका पुरतो.

पट्टा रोज घालून वही लिहायला सांगा: कुठे फसला, कधी विसरायला झालं, काढल्यावर काय चुकल्यासारखं वाटलं. कलाकृती या वहीतून निघते, सर्किटमधून नाही. सेन्सर होते तेव्हा रिबास भूकंप झाला की हलायच्या, नाही झाला तर रंगमंचावर स्थिर उभ्या राहायच्या. ही कल्पना कुठलीही चिप देत नाही.

शिक्षणाचे दोन रस्ते आहेत. डिझाइनसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा (त्यातून आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग, आयडीसी) किंवा अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा. यूसीड कुठल्याही शाखेतून देता येते, पण लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच वेळा. तिथे पोर्टफोलिओ मागत नाहीत, परदेशी कलासंस्था मागतात. दुसरा रस्ता बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा, एमएचटी-सीईटीतून. यंत्रात त्याचा हात चांगला असेल तर मी दुसरा रस्ता सुचवेन आणि सोबत नृत्य किंवा संगीताची एक शिस्त धरायला सांगेन.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते: केवळ या कलेवर घर चालवणारे फार थोडे. बिलाल न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवतात, स्टेलार्कही विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्याच्या आराखड्यात अध्यापन किंवा वैद्यकीय उपकरणांची नोकरी हवीच. पट्टा झाला की वहीची पानं मला पाठवा, पुढचा प्रकल्प त्यावरून ठरवू.