पावसात अडकलेलं हॉस्टेल आणि वरच्या बंकवरची मी

ताई, मी सोलापूरची, नोकरीसाठी पुण्यात राहते. वय २९. जुलैत पहिल्यांदाच एकटी गोव्याला गेले, पणजीत एका हॉस्टेलमध्ये उतरले. पाऊस थांबायचं नाव घेईना. खाली हॉलमध्ये सगळे पत्ते खेळत, हसत बसलेले आणि मी वरच्या बंकवर मोबाइल बघत पडलेली. दोनदा जिना उतरले, बाटली भरली, परत वर आले. कुणाशी न बोलता घरी परतले. ऑगस्टअखेरचं पुन्हा बुकिंग केलंय. रद्द करू का? माझ्यातच काही कमी आहे का? आईला मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जाते असं सांगितलंय.
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

बुकिंग रद्द करू नकोस. जिला माणसं नकोच असतात ती भरलेली बाटली घेऊन दुसऱ्यांदा जिना उतरत नाही. तुला त्या हॉलमध्ये बसायचं होतं, फक्त हसण्याच्या ऐन भरात आत शिरायचं कसं ते कळेना. ते भल्याभल्यांना जड जातं. शिवाय तुला जे घट्ट टोळकं वाटलं, त्यातले बरेचसे आदल्या संध्याकाळपर्यंत एकमेकांना ओळखतही नसणार. स्कूटरवरून हिंडायचा बेत पावसात वाहून गेला म्हणून ते पत्ते घेऊन बसले.

प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलची कल्पनाच मुळी पावसात सुचलेली आहे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिशार्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि त्यांनी एका गावच्या शाळेत आसरा घेतला. वर्गात पेंढा अंथरून मुलं झोपली. शिरमानना मात्र झोप लागेना. सुटीत गावोगावच्या शाळा अशाच रिकाम्या असतात, मग भटकणाऱ्या मुलांना तिथे का राहू देऊ नये, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे जर्मनीतल्याच आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. मला ही हकिगत फार आवडते, कारण भिजून अडकलेल्या माणसांनी एका छपराखाली बसावं, एवढ्यासाठीच ही जागा जन्माला आली. त्या हॉलवर तुझा इतरांइतकाच हक्क आहे.

आता पुढच्या वेळेचं. बाटली भरणं हे मिनिटभराचं काम आहे, ते झालं की माणूस परत फिरतो. खाली जाताना अर्धा तास पुरेल असं काम घेऊन जा. सकाळी पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पाव घे. हॉस्टेलला स्वयंपाकघर असेल (बुक करतानाच विचारून ठेव), तर चहाचं आधण ठेव आणि मोठ्याने विचार, ‘मी चहा टाकतेय, कुणाला हवाय?’ आणि तू सोलापूरची आहेस! शेंगाचटणीचं पाकीट बॅगेत टाक. पाव उघडून आत थोडं तेल, त्यावर चटणी, आणि ताटली टेबलावर मधोमध ठेव. कोण कुठलं, हे मग तुला विचारावं लागणार नाही. ‘ही कसली चटणी?’ इथून सगळं सुरू होईल. हिंदी मोडकी असली तरी चालेल.

नाव, गाव, नोकरी यांपेक्षा ‘उद्याचं काय ठरलंय?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. पावसात कुणाचंच काही ठरलेलं नसतं आणि तुझ्याकडे नेमका एक बेत आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पणजीजवळच्या दिवाडी बेटावर बोंदेरा नावाचा उत्सव असतो. पोर्तुगीज काळात हद्दीवरून वाद होते, खुणेसाठी रोवलेले झेंडे लोक दगड मारून पाडत. त्याची आठवण म्हणून आज झेंड्यांची मिरवणूक निघते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचं. ‘मी जाणारच आहे, कुणी येतंय का?’ असं म्हण. कुणी आलं तर उत्तम, नाही आलं तरी तू जा.

कुणी तुटक बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. जमलेल्यांतले बरेचसे घरी पोचल्यावर मेसेजला उत्तरही देणार नाहीत, तेही चालतं.

काळजी मात्र सोडू नकोस. फक्त मुलींची डॉर्म (अनेक बंकांची सामायिक खोली) घे, लॉकरला स्वतःचं कुलूप ने. कालच भेटलेल्यांबरोबर रात्री दूर जायचं नाही, आणि ‘सगळे उतरतायत’ म्हणून पावसाळ्यातल्या समुद्रात तर मुळीच नाही; लाल झेंडे लावलेले असतात, ते मान.

राहिली आई. तिला खरं सांग, निघायच्या आधी, समोर बसून. ती चिडेल, दोन दिवस अबोला धरेल. पण अनोळखी गावात तू नेमकी कुठे आहेस हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असायलाच हवं, आणि ‘ऑफिसच्या मैत्रिणी’ म्हटलंस की ती चुकीच्या माणसांना फोन करत बसेल. हॉस्टेलचं नाव, पत्ता, तिथला नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दे. पोचल्यावर व्हिडिओ कॉल करून खोली दाखव. चटणीही तिच्याकडूनच कुटून घे. विकतच्या पाकिटापेक्षा ती चांगली लागेल आणि तू कुठे, कुणासाठी नेतेयस हे तिला विचारता येईल.

तुझी,
ताई