महापालिकेच्या विकास नियोजन खात्यात नेमकं काम काय असतं?

तुमचा प्रश्न असा: सिव्हिलची पदवी आहे, मुंबईत राहता, महापालिकेत किंवा शासनाच्या नगररचना खात्यात जायचा विचार आहे. तिथे शहराचे नकाशे काढायला मिळतात की नुसत्या फायली हलवायच्या असतात?

दोन्ही असतं, पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका भूखंडावर आज कायद्याने नेमकं काय आहे हे शोधून, कारणासकट लिहून, खाली सही करण्यात. अख्खा विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा होतो. मुंबईचा पहिला साठच्या दशकातला, दुसरा १९८१ ते २००१ चा (तो मंजूर होईपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं), आणि सध्याचा २०१४ ते २०३४ चा, जो २०१८ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात त्या आराखड्यातली एकेक रेघ सांभाळणं ही खरी नोकरी. शहरातलं मैदान वाचतं किंवा जातं ते बहुतेक वेळा याच टेबलावर, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

सुरुवात डीपी रिमार्कपासून होते (डीपी म्हणजे विकास आराखडा). मालक, सोसायटी किंवा आर्किटेक्ट जमिनीचा नंबर देऊन विचारतात की आराखड्यात या जागेवर काय आहे. आता अर्ज ऑनलाइन येतो, नकाशांचे थर एकावर एक बसवलेले दिसतात, त्यामुळे बटण दाबलं की उत्तर निघेल असं वाटतं. पण पहिली चूक नंबरातच होते. जमिनीचा भूमापन क्रमांक शहर भागात सीएस नंबर, उपनगरात सीटीएस नंबर; पहिल्यासोबत विभाग लागतो, दुसऱ्यासोबत गाव. कुर्ला नावाची एकाहून जास्त गावं भूमापनात आहेत, मालाडचंही तसंच. नुसता नंबर घेऊन शोधलं तर भलत्याच जागेचा रिमार्क निघतो आणि तो बरोबरच दिसतो. मग मिळकत पत्रिका उघडायची. क्षेत्रफळ, पोटहिस्से, मूळ नंबर कधी फुटला, कोणत्या नोंदीने फुटला. आराखडा करताना एक असलेल्या नंबराचे पुढे तीन झाले असतील, तर आरक्षण, म्हणजे मैदान किंवा शाळेसारख्या सार्वजनिक वापरासाठी आराखड्यात राखलेली जागा, कोणत्या तुकड्यावर किती बसतं हे मोजावं लागतं. मालकाला अर्थातच ते शेजारच्या तुकड्यावर हवं असतं.

त्यानंतर नकाशे जुळवायचे. भूमापनाचा नकाशा आणि आराखड्याची शीट वेगवेगळ्या प्रमाणातली असते. १:४००० च्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २ मीटर रुंद होते. म्हणजे डीपी रस्त्याची हद्द शीटवरून वाचून ‘इमारत रस्त्यात येत नाही’ असं लिहिणं धोक्याचं. तिथे सर्व्हे करणाऱ्यांकडून जागेवर आखणी करून घ्यायची आणि त्या आखणीचा नंबर आणि तारीख फाईलवर घ्यायची.

मुंबईत याच्यावर आणखी एक गुंता आहे. डीपी रस्ता हा आराखड्यातला, तर रस्त्याची नियमित रेषा, जिला सगळे आरएल म्हणतात, ती १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम २९७ खाली ठरलेली. दोन्ही एकाच रस्त्यावर असू शकतात आणि दोन्हींची रुंदी वेगळी असू शकते. सेटबॅकची, म्हणजे रस्ता रुंद करायला भूखंडातून सोडायची जागा किती जाणार ते यावर ठरतं. एकीचा उल्लेख केला आणि दुसरी राहून गेली, तर प्लॅन मंजूर झाल्यावर इमारतीचा कोपरा रस्त्यात निघतो.

रस्त्याच्या रुंदीवर एफएसआयही ठरतो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते. उपनगरात मूळ १.०, शहर भागात १.३३, उपनगरात रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर नेहमीचा प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (आरक्षित जागा महापालिकेला दिल्याबद्दल मिळणारा, दुसऱ्या भूखंडावर वापरता येणारा बांधकाम हक्क) मिळत नाही, पुढे रुंदीच्या टप्प्यांनी वाढत जातो. त्यामुळे साडेआठचा रस्ता नऊचा म्हणून दाखवण्याची धडपड रोजची. रुंदी लिहिताना ती जागेवरची आहे, मंजूर आरएलची आहे की प्रस्तावित डीपी रस्त्याची, हा शब्द सोडायचा नाही. नुसतं ‘९ मीटर रस्ता’ असं वाक्य फाईलवर कधीही ठेवू नये.

नवी मंडळी आणखी एका ठिकाणी हमखास अडखळतात. २०१८ ला आराखडा मंजूर झाला तेव्हा काही भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी ठेवला होता. खात्यात त्याला ईपी म्हणतात आणि त्याची मंजुरी नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याशिवाय एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली झालेले फेरबदल वेगळे. मूळ शीट पाहून रिमार्क दिला आणि नंतरची अधिसूचना पाहिली नाही, तर तो पहिल्या दिवसापासून चुकीचा. शिवाय जागा मुळात महापालिकेच्या नियोजनाखाली येते का? बीकेसीत एमएमआरडीए, मरोळच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, धारावीच्या अधिसूचित भागात धारावी प्रकल्प, झोपडपट्टी योजनेत एसआरए. हद्दीवरचे भूखंड दोन्हीकडे टोलवले जातात. अशा वेळी अधिसूचनेतला हद्दीचा मजकूर स्वतः वाचावा. सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध), वारसा यादी, विमानतळाच्या उंचीची मर्यादा हे पाहणं नेहमीचंच.

आता साइटवर काय बघायचं. समजा मैदानाचं आरक्षण आहे आणि मालक त्यातली १,००० चौरस मीटर जागा महापालिकेला देऊन बाकीची विकसित करणार आहे. प्लॅनवर हजार पुरे भरतात. पण ती जागा ८ मीटर रुंद आणि १२५ मीटर लांब पट्टी असेल, तरी हजारच भरतात, आणि तिच्यात खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं मैदान मावत नाही. कबड्डीचं १३ बाय १० चंही नाही. नियमात बसतं म्हणून अशी पट्टी पुढे गेली, तर त्या वस्तीतल्या मुलांचं मैदान कायमचं गेलं. म्हणून शेऱ्यात आकार, रुंदी, सार्वजनिक रस्त्यावरून थेट प्रवेश आणि उतार हे चारही लिहावं. मधून नाला जातो का, उच्च दाबाची तार आहे का, झाडं किती, झोपड्या किती, याचे फोटो दिशा दाखवून लावावेत. प्रवेशाची रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोजायची. गेटपाशी मोजलेली रुंदी कुणाच्या उपयोगाची नसते.

जागा ताब्यात घेताना सपाटीकरण, दीड मीटर उंचीची कुंपणभिंत, ताबा पावती आणि मिळकत पत्रिकेवर महापालिकेचं नाव, हे सगळं झाल्यावरच टीडीआरचं प्रमाणपत्र. पत्रिकेवरची नोंद मागाहून होईल म्हणून सोडली की मोबदला देऊनही जागा कागदोपत्री जुन्या मालकाचीच राहते आणि पुढच्या पिढीतले वारस दावा घेऊन येतात.

टीडीआरचा हिशेब समजून घ्या, कारण लोक तो काउंटरवर विचारतात. २०३४ च्या आराखड्यासोबतच्या नियमावलीत शहर भागात जमिनीच्या अडीचपट, उपनगरात दुप्पट टीडीआर मिळतो. पण तो वापरताना दोन्ही जागांच्या रेडी रेकनर दरांचं, म्हणजे शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचं गुणोत्तर लागतं. ६०,००० रुपये दराच्या जागेचा १,००० चौरस मीटर टीडीआर १,२०,००० दराच्या जागेवर नेला तर तिथे ५०० च बसतो. १९९१ च्या नियमात असं गुणोत्तर नव्हतं, टीडीआर मूळ जागेच्या उत्तरेकडे जायचा, म्हणून स्वस्त जागेचा टीडीआर महाग पश्चिम उपनगरात ओतला गेला. तिथल्या रस्त्यांवर आज जो ताण आहे, त्यात याचा मोठा वाटा आहे असं माझं मत.

सगळ्यात जपून हाताळायची गोष्ट म्हणजे त्याच एमआरटीपी कायद्याचं कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. खात्याच्या भाषेत ‘लॅप्स झालं’. सूचना आली की पावतीचा शिक्का आणि तारीख, सूचना देणारा खरोखर मालक किंवा हितसंबंधी आहे का, मालकीचे कागद जोडलेत का, हे त्याच आठवड्यात पाहून त्रुटी लेखी कळवायची. मग खर्चाच्या अंदाजासह प्रस्ताव सुधार समितीपुढे, तिथून सभागृहापुढे, आणि संपादनासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे. ठराव झाला म्हणजे पाऊल उचललं असं धरून बसू नका. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं की नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरेसा नाही, संपादनाकडे नेणारं ठोस पाऊल हवं. वेळ बहुतेक पैशांपाशी जातो, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फाईल लेखा विभागात पडून राहते आणि घड्याळ चालू असतं. सध्याचा आराखडा २०१८ चा. २०२८ पासून त्यातल्या नव्या आरक्षणांवर अशा सूचना यायला लागतील. आधीच्या आराखड्यातून पुढे आलेल्यांचा हिशेब वेगळा आणि वादाचा. तुम्ही आता नोकरीला लागलात तर तेव्हा त्या खुर्चीत तुम्हीच असाल. खात्याच्या नोंदवहीवर विसंबू नका, तारखांची स्वतःची वही ठेवा.

आरक्षण बदलण्याची मागणी आली तर कलम ३७. ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना, एक महिना हरकती, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. इथे तुमची टिपणी हाच पाया. हरकतदार काय म्हणाला, ते का मान्य किंवा अमान्य, पर्यायी जागा त्याच वस्तीत आहे की तीन किलोमीटर लांब, हे नीट लिहिलेलं नसेल तर फाईल न्यायालयात टिकत नाही. वरून तोंडी सूचना आली तर स्वतःचं मत बदलून लिहू नये. आपलं मत आहे तसं ठेवावं आणि वरिष्ठांचा वेगळा आदेश त्यांच्या सहीने खाली येऊ द्यावा.

नवा आराखडा करताना विद्यमान भूवापराच्या पाहणीवर सगळं उभं असतं. २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांमुळे दुरुस्तीला परत पाठवावा लागला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, त्याचं मोठं कारण जागेवर जे उभं होतं ते नकाशावर नीट उतरलं नव्हतं. पुढच्या पाहणीची तयारी आतापासून करता येते: प्रत्येक साइटभेटीत शेजारच्या भूखंडाचा प्रत्यक्ष वापरही टिपून ठेवा.

शिरायचा रस्ता असा. मुंबई महापालिकेच्या विकास नियोजन खात्यात बहुतेक स्थापत्य अभियंते असतात. कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंत्याच्या भरतीने लागायचं आणि बदलीने खात्यात यायचं. शासनाच्या नगररचना विभागात रचना सहायक आणि सहायक नगररचनाकार ही पदं. दुसरं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. पुण्याच्या सीओईपीसारख्या ठिकाणी नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं तर फायदा होतो, पण त्याआधी कायदा आणि नियमावली मुळातून वाचा, गाइडमधून नको.

सरावासाठी एक करा. तुमच्या इमारतीची मिळकत पत्रिका काढा, त्याच नंबराचा डीपी रिमार्क काढा, आणि टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा. पत्रिकेतलं क्षेत्र आणि सोसायटीच्या मंजूर प्लॅनमधलं क्षेत्र जुळतं का पाहा. रस्त्याच्या तीन वेगवेगळ्या रुंद्या निघाल्या तर त्यातली कोणती कुठल्या कायद्याखालची आहे हे शोधून एका पानाची टिपणी लिहा, आणि ती एखाद्या अनुभवी आर्किटेक्टला दाखवा.