न्यू जपान प्रो-रेसलिंगमध्ये मोठ्या पैलवानांना टॅग सामन्यांत वाया घालवतात का?

तुम्ही न्यू जपान या जपानी प्रो-रेसलिंग कंपनीचे 2012 नंतरचे शो ओळीने बघायला घेतलेत. निम्म्याहून जास्त सामने टॅगचे (जोड्यांचे किंवा गटांचे, ज्यात हाताला हात लावून जोडीदाराला आत पाठवतात) का, ओकाडा आणि तानाहाशीसारख्या अव्वल पैलवानांना सहा-सहा जणांच्या गर्दीत का उतरवतात आणि ते सोडून थेट शेवटचा सामना बघितला तर काही बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय. बिघडेल. मी हे शो बरीच वर्षं बघतोय आणि शेवटच्या सामन्याची किंमत मला बहुतेक वेळा आधीच्या टॅगमुळेच कळली आहे.

प्रो-रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेले असतात. त्यामुळे बुकरच्या, म्हणजे सामने आणि निकाल ठरवणाऱ्या माणसाच्या हातात खरी पुंजी एकच असते: कोणाची पाठ कोणासमोर लागू द्यायची. पाठ लागली, म्हणजे तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला टेकलेले राहिले, की हार. एकेरीत प्रत्येक निकालाची किंमत मोजावी लागते, कारण एक जिंकला की दुसरा सरळ एक पायरी खाली येतो. टॅगमध्ये सहा जण उतरले तरी पाठ एकाचीच लागते आणि उरलेल्या पाचांची पत शाबूत राहते. म्हणून टॅग बघताना कोणती बाजू जिंकली याकडे मी फारसं लक्ष देत नाही. तीन मोजले गेले तेव्हा खाली कोण होता आणि वर कोण, तेवढं बघतो.

समजा, त्या काळातल्या एका दौऱ्यात तीन आठवड्यांनी ओकाडा आणि नाइतो यांच्यात किताबाची लढत आहे. तोपर्यंत कंपनी गावोगाव फिरते. केऑस या गटाकडून ओकाडा, इशिई, योशी-हाशी आणि समोर लॉस इंगोबर्नाब्लेस दे हापोन या नाइतोच्या गटाचे तिघे, अशी सहा जणांची लढत लागते. ओकाडा आणि नाइतो रोज दोन-चार मिनिटं समोरासमोर येतात. एखादा डाव पूर्ण बसतो, एखादा अर्ध्यावर तुटतो. ओकाडाचा हुकमी डाव रेनमेकर नाइतो आज चुकवतो, परवा चुकवता येत नाही. यातून कोण वरचढ याचा फैसला होत नाही, पण मोठ्या लढतीत कोणाला काय आधीच माहीत आहे ते प्रेक्षकाच्या मनात पक्कं बसतं. शेवटी पाठ लागते ती योशी-हाशीची.

दुसरं कारण शरीराचं आहे. दौऱ्यावर लहान शहरातल्या व्यायामशाळेत तिकीट काढून आलेल्या माणसाला आपला आवडता पैलवान दिसायलाच हवा. पण त्याने रोज रात्री वीस-पंचवीस मिनिटांची एकेरी केली तर मान आणि गुडघे किती दिवस टिकतील? टॅगमध्ये तो ठेवणीतले चार डाव दाखवतो आणि उरलेला वेळ दोरीपलीकडे उभा राहतो. तेन्झान, कोजिमा, नागाता यांच्यासारखे जुने गडी पन्नाशीच्या आसपासही रिंगणात दिसले, ते मुख्यतः सुरुवातीच्या टॅग सामन्यांमुळे.

जी-वन क्लायमॅक्स या एकेरीच्या वार्षिक साखळी स्पर्धेत ही व्यवस्था सगळ्यात स्वच्छ दिसते. 2015 ते 2019 या काळात 20 पैलवान, दोन गट आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत 9 एकेरी सामने असं गणित होतं. साधारणपणे आज एका गटाच्या पाच एकेरी, उद्या दुसऱ्याच्या. ज्या गटाला आज सुट्टी, त्याचे पैलवान टॅगमध्ये उतरायचे, आणि पुष्कळदा पुढच्या एकेरीतला प्रतिस्पर्धीच समोर असायचा. विश्रांती आणि उत्सुकता दोन्ही एकाच सामन्यात साधायची. 2020 मध्ये हे टॅग काढून टाकले. त्या वर्षीचे शो आटोपशीर झाले, तरी मला ते थोडे कोरडे वाटले.

तालमीतल्या पोरांचं शिक्षणही इथेच होतं. टोक्योतल्या नोगे इथे कंपनीची तालीम आहे. पोरं तिथेच राहतात, स्वयंपाक आणि साफसफाई करतात. अंगात काळी चड्डी, पायात काळे बूट, डाव मोजकेच. अशा पोराला एखाद्या नावाजलेल्या पैलवानाचा जोडीदार म्हणून उभं करतात. तो मार खातो, वेळेवर हात देऊन टॅग करायला शिकतो आणि बहुतेक वेळा शेवटी त्याचीच पाठ लागते. त्यात कमीपणा नसतो. एखाद्या रात्री तो दोनवर खांदा उचलतो आणि सभागृह ओरडतं, तेव्हा त्याची खरी सुरुवात झालेली असते.

आता योशी-हाशीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कारकिर्दीत आहे. 2008 मध्ये पदार्पण. 4 जानेवारी 2012 ला टोक्यो डोममध्ये परदेशातून परतलेला ओकाडा ज्याच्याशी लढला आणि ज्याला हरवून पुढे गेला, तो हाच. ओकाडा पुढच्याच महिन्यात तानाहाशीला हरवून विजेता झाला आणि योशी-हाशी केऑसमध्ये पाठ लावून घेणारा गडी झाला. वर्षानुवर्षं. बाकीच्यांचं वजन राखायचं म्हणून ही जबाबदारी त्याच्याकडे, आणि त्याने ती कुरकुर न दाखवता निभावली. ऑगस्ट 2020 मध्ये गोतो आणि इशिई यांच्यासोबत त्याने नेव्हर नावाचा, तीन-तीन जणांच्या गटांचा किताब जिंकला. पदार्पणानंतर 12 वर्षांनी मिळालेला पहिला किताब. त्या तिघांनी तो वर्षभराहून जास्त राखला आणि तोवर अडगळीत पडल्यासारख्या त्या पट्ट्याला मान मिळवून दिला. मग गोतोसोबत 2021 ची वर्ल्ड टॅग लीग ही जोड्यांची स्पर्धा आणि 4 जानेवारी 2022 ला आयडब्ल्यूजीपीचा, म्हणजे कंपनीचा मुख्य टॅग किताब. ज्याने आधीचे टॅग वगळले त्याला या विजयात काही विशेष दिसणार नाही. ज्याने त्याला शेकडो वेळा पडताना पाहिलंय त्याचे डोळे भरून येतात.

फितुरीलाही टॅगचीच जागा सोयीची, कारण पाठीत वार करायला आधी जोडीदार हवा. 5 जानेवारी 2016 ला कोराकुएन हॉलमध्ये एजे स्टाइल्स आणि केनी ओमेगा एका बाजूने लढले आणि सामना संपल्यावर ओमेगाने स्टाइल्सवरच हल्ला केला. स्टाइल्स कंपनी सोडून अमेरिकेला निघाला होता, त्यांच्या बुलेट क्लब या गटाला नवा म्होरक्या हवा होता. एका साध्या टॅग सामन्याच्या शेपटीला दोन्ही गोष्टी उरकल्या. त्याच वर्षी ओमेगा जी-वन जिंकणारा पहिला परदेशी पैलवान ठरला.

ही रीत न्यू जपानने शोधलेली नाही. जपानमध्ये प्रो-रेसलिंगचं वेड लागलं तेच एका टॅग सामन्यातून. 19 फेब्रुवारी 1954, टोक्योचं कुरामाए कोकुगिकान, एका बाजूला रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा, दुसऱ्या बाजूला शार्प बंधू. घरोघरी टीव्ही नव्हते, लोकांनी चौकात लावलेल्या टीव्हीसमोर गर्दी करून सामना पाहिला. किमुरा हा जुदोतला दिग्गज, पण त्या मालिकेत मार खाण्याचं काम त्याच्याकडे आणि आत येऊन हाताच्या फटकाऱ्यांनी परदेशी पैलवानांना झोडपण्याचं काम रिकिदोझानकडे. त्या मालिकेने रिकिदोझान राष्ट्रीय नायक झाला आणि किमुरा दुखावला गेला. वर्ष संपण्याआधी दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. टॅगमधली जागावाटणी माणसाच्या किती जिव्हारी लागू शकते, ते तिथे दिसतं.

आणि ही कला शिखरावर पोचली ती न्यू जपानच्या प्रतिस्पर्धी कंपनीत, जायंट बाबांच्या ऑल जपानमध्ये. मिसावा हा तिथला अव्वल. कावादा त्याचा शाळेपासूनचा सोबती, काही काळ जोडीदारही, आणि 1993 पासून ताउएला घेऊन त्याच्याविरुद्ध. जून 1994 च्या किताबाच्या एकेरीत मिसावाने त्याला हरवलं. आता पुढे काय? कावादाला जिंकवलं तर मिसावाचं स्थान जातं, परत हरवलं तर कावादा संपतो. बाबांनी मार्ग टॅगमधून काढला. जानेवारी 1995 मध्ये यामागाताला मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए ही किताबाची लढत 60 मिनिटं होऊन बरोबरीत सुटली. मग 9 जून 1995, निप्पॉन बुदोकान. कोबाशीचा पाय दुखावलेला. कावादा आणि ताउए त्या पायावर तुटून पडले, मिसावाला एकटं पाडलं. स्वतः उभं राहता येत नसताना कोबाशी मिसावाच्या अंगावर पालथा पडून मार स्वतःवर घेत होता. 42 मिनिटं उलटल्यावर कावादाने पॉवरबॉम्ब (उचलून पाठीवर आपटण्याचा डाव) मारून मिसावाची पाठ टेकवली, पहिल्यांदाच. मिसावाचा एकेरी किताब हलला नाही, पण तो हरू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं. तो किताब कावादाने मिसावाकडून घेतला 1 मे 1998 ला, टोक्यो डोममध्ये. एका टॅगच्या निकालावर पुढची तीन वर्षं उभी राहिली. आजवर पाहिलेल्या सामन्यांत माझ्या मते याच्या तोडीचा दुसरा नाही.

न्यू जपानला मात्र टॅगचा किताब स्वतःच्या बळावर मोठा करणं फारसं जमलं नाही, हे सांगायला हवं. तिथे टॅग हे एकेरीच्या सेवेत राबतं. पट्टे त्याच त्या जोड्यांत फिरत राहतात आणि वर्षअखेरची वर्ल्ड टॅग लीग काही वर्षी इतकी लांबते की निष्ठावंतही कंटाळतात. दोन एकेरी पैलवान तात्पुरते एकत्र बांधले की जोडी होत नाही. कावादा-ताउए वर्षानुवर्षं एकत्र लढले, हरले, मग जिंकले. तो धीर न्यू जपानने गोतो आणि योशी-हाशीसाठी दाखवला, इतरांसाठी क्वचितच.

तेव्हा वगळायचंच असेल तर वर्ल्ड टॅग लीगमधले मधल्या दिवसांचे सामने वगळा. मोठ्या लढतीआधीच्या दौऱ्यातले सगळे टॅग बघायला वेळ नसेल तर शेवटचे दोन-तीन तरी बघाच, आणि 2014 ते 2019 चे 5 जानेवारीचे कोराकुएनचे शो कधीच सोडू नका. ऑल जपानचा जून 1995 चा सामना बघण्याआधी जून 1994 ची मिसावा-कावादा एकेरी आणि जानेवारी 1995 ची यामागाताची बरोबरी, दोन्ही याच क्रमाने बघून घ्या.